ब्राझिलियाला गेलेलं सामान

गल्फमध्ये पगार लपवता येतो, आजार लपवता येतो, एका माणसाने तर दुसरं लग्न सहा वर्षं लपवलेलं मला माहीत आहे. पण रजा लपवता येत नाही. रजेचा फॉर्म सही होऊन टेबलावर परत येईपर्यंत कँटीनवाल्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना तारीख पाठ झालेली असते. मग सुरू होतं सामान. कुणाच्या वडिलांचं गुडघ्याला लावायचं मलम, कुणाच्या नातवाचे बूट, कुणाचा दुधाच्या पावडरीचा डबा. तुम्ही गावी निघालात म्हणजे तुमच्या तीस किलोंतले दहा किलो गावाचे, हे ठरलेलंच. नाही म्हणायची सोय नाही, कारण पुढच्या वेळी तुमचंही सामान कुणीतरी नेणार असतं.

मी तेरा वर्षं असं सामान नेलं. चौदाव्या वर्षी मी गावी गेलो नाही. पण हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि सामान मात्र घेतलं.

मी सलील. बहरीनमध्ये एका कंत्राटदार कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर आहे. म्हणजे मी स्वतः काही बांधत नाही. बांधणाऱ्यांनी कुठलं काम कधी सुरू करायचं आणि कधी संपवायचं याचे तक्ते करतो. आमच्यात फ्लोट नावाची एक चीज असते. एखादं काम किती दिवस रेंगाळलं तरी इमारत उशिरा होणार नाही, तेवढी मोकळीक म्हणजे फ्लोट. चौदा वर्षं मी हेच मोजत आलो आहे, आणि मोजण्यात माझा हात कुणी धरणार नाही असा माझा समज होता.

दर जुलैला पंधरा दिवस रजा, आणि पंधराच्या पंधरा दिवस गाव. बाबांची बँक, आईची दाढ, गळणारं स्वयंपाकघर, भाऊबंदांची बांधावरून चाललेली भांडणं. मला गाव आवडत नाही असं नाही. पण त्रेचाळीस वर्षांचा झालो तरी एकही रजा माझी स्वतःची नव्हती, आणि या गोष्टीचा मला राग यायचा. तसा मला राग लवकर येतो.

पुण्यात डिप्लोमा करताना एका जुन्या मासिकात मी ब्राझिलियाचा नकाशा पाहिला होता. ओसाड पठारावर तीन-चार वर्षांत उभी केलेली राजधानी. वरून पाहिलं तर पंख पसरलेलं विमान. एका पंखात घरं, दुसऱ्या पंखात घरं, मधल्या धडात सरकार. कुठे काय असेल हे पहिली वीट ठेवायच्या आधी ठरलेलं. तो नकाशा मी फाडून घेतला होता. बहरीनला आलो तेव्हा पहिलं काम मिळालं ते अमवाज आयलंड्सवर, समुद्रात भर घालून केलेल्या बेटांवर. सगळे म्हणायचे, बघ, कसं आखीव आहे. मी म्हणायचो, आखीव बघायचं तर ब्राझिलियाला जायला हवं. हे मी इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी मलाच ऐकून कंटाळा आला आणि मी तिकीट काढलं.

गावी आईबाबांना सांगितलं, यंदा रजा मिळत नाही. ऑफिसात सांगितलं, गावी चाललोय. बहरीनच्या लेखी मी गावी आणि गावाच्या लेखी मी बहरीनमध्ये. दोन्हीकडच्यांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. खरं फक्त हेमाला, माझ्या बायकोला, माहीत होतं. ती आमच्या मुलीला, आर्याला, घेऊन सुट्टीत तिच्या माहेरी पुण्याला निघाली होती.

"जा," ती म्हणाली. "पण आईंचा फोन आला तर मी खोटं बोलणार नाही. मी फोनच उचलणार नाही."

"आईबापांना सोडून ब्राझील फिरतोय म्हणून गावभर होईल. ते ऐकून घेण्यापेक्षा हे बरं," मी म्हणालो.

"तुझं तू बघ," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे आलं की समजावं, प्रकरण तिला पटलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, बहरीनच्या सनद भागातल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात उस्मानभाई.

उस्मानभाई आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये आहेत. बहरीनमध्ये एकतीस वर्षं झाली त्यांना. त्यांचं गाव आणि माझं गाव यांच्यामध्ये एक खाडी आहे, एवढंच. माझे वडील, सदानंद मास्तर, खाडीपलीकडच्या शाळेत शिकवायचे आणि उस्मानभाई त्यांचे विद्यार्थी. मी पाच-सहा वर्षांचा असताना बाबांबरोबर तरीत बसून (खाडीपार नेणाऱ्या बोटीला आमच्याकडे तर म्हणतात) पलीकडे जायचो आणि शाळा सुटेपर्यंत उस्मानभाईंच्या घरी खेळायचो. त्यांची आई, खदिजाचाची, मला फणसाची सांदणं करून घालायची. मास्तरांचा मुलगा म्हणून माझा तिथे भलताच थाट होता. उस्मानभाई आज अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, पण अजून बाबांशी फोनवर बोलायचं म्हटलं तर त्यांची गाळण उडते. काही निरोप असला तर माझ्याकडे देतात.

त्यांच्या हातात मॉलची पिशवी होती आणि पिशवीत सुतळीने बांधलेलं एक गाठोडं.

"उद्या जातंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो, उस्मानभाई."

"एवढं अम्मीला दे. नुसरतकडं नको देऊस, अम्मीच्या हातात दे. जड नाय." नुसरत म्हणजे त्यांची धाकटी बहीण, आईजवळ राहणारी.

"काय आहे?"

"कपडा हाय. उघडून बग. मी परत बांधतंय."

कुणाचंही सामान उघडून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, हा नियम. कोण काय खपवेल सांगता येत नाही. आणि हा नियम मला पहिल्या वर्षी उस्मानभाईंनीच शिकवला होता. पण माझ्या मागे टेबलावर ब्राझिलियाच्या हॉटेलचे कागद पसरलेले होते आणि मला त्यांना आत बोलवायचं नव्हतं.

"तुमचं काय बघायचं?" मी म्हणालो. त्यांना वाटलं, केवढा विश्वास. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मास्तरांना सलाम सांगायला सांगितलं आणि गेले.

त्या वेळी खरं सांगता आलं असतं. 'उस्मानभाई, मी गावी जात नाहीये, दुसऱ्या कुणाकडे द्या.' एका वाक्याचं काम होतं. पण मी हिशेब केला: पंधरा दिवसांनी परत आलो की गाठोडं कुरियर करू किंवा गावी निघालेल्या दुसऱ्या कुणाकडे देऊ. कपडाच तर आहे. पिशवी घरी ठेवावी, तर फ्लॅटची एक चावी उस्मानभाईंकडे असायची, झाडांना पाणी घालायला. म्हणून ती मी बॅगेत टाकली.

ब्राझीलमध्ये विमान आधी साओ पाउलोला उतरतं. तिथल्या कस्टममध्ये एका बाईने माझी बॅग बाजूला घेतली. बहुधा ते गाठोडं मशीनमध्ये चमत्कारिक दिसलं असावं. तिने सुतळी सोडली. आत पांढरंशुभ्र सुती कापड होतं, न शिवलेलं, मोजून कापलेले पाच तुकडे, नीट घड्या घातलेले. अत्तराचा बारीक वास आला. वरच्या घडीत वहीचा एक कागद होता आणि त्यावर उस्मानभाईंचं अक्षर. बाबांनी गिरवून घेतलेलं, शिरोरेघ न मोडणारं अक्षर.

'नुसरत, हे अम्मीचं कफन. उमऱ्याला गेलो तेव्हा जमजमच्या पाण्यात तीन वेळा भिजवून मक्केत सुकवलंय. अम्मीनं दहा वर्षं मागितलेलं. आधी तिला डोळ्यांना लावू दे. मग पेटीत ठेव.'

"काय आहे हे?" बाईने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"आईसाठी," मी म्हणालो.

"तुमच्या आईसाठी?"

"हो."

ती हसली आणि ते कापड तिने माझ्यापेक्षाही जास्त काळजीने पुन्हा बांधून दिलं. तेव्हाच फोन करायचा. नाही केला. पुढचं विमान पकडायचं होतं, आणि खदिजाचाची अजून स्वतः तांदळाच्या भाकऱ्या थापते असं उस्मानभाईच महिन्यापूर्वी सांगत होते. अशा बाईच्या कफनाची काय घाई? असा विचार मी केला, आणि आता तो आठवला की माझा मला संताप येतो.

ब्राझिलियात पहिले दोन दिवस मी खूष होतो. सांगायला लाज वाटते, पण खूष होतो. नकाशातलं विमान जमिनीवर कळत नाही. कळतात ती झाडं. घरांच्या पंखात सहा-सहा मजल्यांच्या इमारती खांबांवर उभ्या आहेत आणि त्यांच्या पोटाखालून कुणीही चालत जावं, कुंपण नाही, वॉचमन हटकत नाही. प्रत्येक वसाहतीला नाव नाही, नंबर. नंबर वाचला की कुठल्या पंखात, मधल्या रस्त्यापासून कितव्या रांगेत, ते कळतं. माझ्यासारख्या तक्तेवाल्या माणसाला याहून काय पाहिजे? हवा इतकी कोरडी की ओठ फुटले, आणि लाल माती बुटांना चिकटली, थेट आमच्या कोकणातली.

दुसऱ्या दिवशी मी मोठं चर्च पाहिलं. जमिनीखालून अंधारातून आत जायचं आणि एकदम डोक्यावर निळ्या-हिरव्या काचांचा उजेड. तिथे बाकावर बसलो आणि मला ते गाठोडं आठवलं. हॉटेलच्या कपाटात, वरच्या फळीवर, जादा उशीशेजारी. मी उठून बाहेर आलो. एका वसाहतीत फणसाचं झाड दिसलं, खरोखर फणसाचं. एरवी मी त्याचा फोटो काढून उस्मानभाईंना पाठवला असता. आता पाठवता येणार नव्हता. चोरून आलेल्याला फणस दिसला तरी कुणाला सांगता येत नाही, हे मला तिथे कळलं.

गुरुवारी सकाळी उस्मानभाईंचा आवाजी मेसेज आला.

"सलील, अम्मीला ताप हाय चार दिवस. छाती भरलेय. नुसरत म्हणते, खात नाय काय. तू पोचलास ना घरी? ते सामान उद्याच्या उद्या नेऊन दे बाबा. बाकी काय मागत नाय ती. मी फोनवर सांगितलंय तिला, सलील घेऊन येतोय म्हणून."

मी पलंगावर बसून तो तीनदा ऐकला. मग लिहिलं, 'हो उस्मानभाई. उद्या जातो.'

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. आधीची सगळी आडून होती.

मग मी माझ्या धंद्याचं काम केलं. लॅपटॉप उघडून तिकिटं पाहिली. त्याच संध्याकाळी निघता येत होतं. साओ पाउलो, मग आखातात कुठेतरी थांबा, मग मुंबई शनिवारी सकाळी, आणि गाडी करून खाडीपलीकडे शनिवारी संध्याकाळी सात वाजता. जागा होत्या. बटण दाबायचं बाकी होतं. पण रविवारी ब्राझिलियाचा मधला मोठा रस्ता, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गाड्यांना बंद करतात आणि सगळं शहर त्यावर चालायला येतं. वीस वर्षं मला तो रस्ता चालायचा होता. सोमवारी निघालो तर बुधवारी पोचतो. म्हाताऱ्या माणसांना ताप येतात आणि जातात. चार दिवस फ्लोट आहे, असं मी ठरवलं. एका माणसाच्या मरणाला मी चार दिवस मोकळीक दिली.

शुक्रवारी विचारणा झाली, 'गेलास?'

'तर बंद आहे. पाऊस फार. उद्या नक्की.'

शनिवारी उस्मानभाईंचा काहीच मेसेज आला नाही. मी ते चांगलं लक्षण समजलो.

रविवारी सकाळी आठला मी त्या रस्त्यावर उतरलो. सायकलवरची पोरं, हातात हात घालून चालणारी म्हातारी जोडपी, कुत्री, शहाळी विकणारे. मी चार तास चाललो. फोन हॉटेलात चार्जिंगला ठेवला होता. मुद्दामच ठेवला होता. तो चालण्याचा आनंद पुरा होता, त्यात कणभरही खोट नव्हती. गावात तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि खदिजाचाचीला दफन करून माणसं घरी परतत होती.

परत आलो तर एकच मेसेज होता. 'अम्मी गेली. दुपारी, जोहरच्या नमाजाच्या वेळेला. दुवा कर.' गाठोड्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

गुरुवारी निघालो असतो तर मी तिच्या हातात ते कापड तिच्या मरणाच्या अठरा तास आधी दिलं असतं. हे गणित मी पुन्हा पुन्हा केलं आणि दर वेळी उत्तर अठराच आलं.

राहिलेली रजा टाकून मी बहरीनला परत आलो. मंगळवारी रात्री पोचलो. बुधवार आणि गुरुवार सनदच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून बसलो. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत मी, चोरासारखा. हेमाला फोनवर सगळं सांगितलं.

"त्यांच्याकडे गेलास?" तिने विचारलं.

"शुक्रवारी जाईन. जुम्म्यानंतर. तेव्हा ते मोकळे असतात."

"ते आजही मोकळेच असतील, सलील. आई गेलीय त्यांची."

तरी मी शुक्रवारीच गेलो. उस्मानभाई बुसैतीनला राहतात, एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. त्यांचे खोलीतले जोडीदार रहिमतुल्ला यांनी दार उघडलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, काळा चहा आणून ठेवला आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. उस्मानभाई गादीवर बसले होते. दाढी वाढलेली. ते गावी गेले नव्हते. दफन त्याच दिवशी झालं, जाऊन उपयोग नव्हता.

मी पिशवी त्यांच्यासमोर ठेवली.

"मी गावी गेलो नव्हतो, उस्मानभाई," मी म्हणालो. "तर बंद नव्हती. मी खोटं बोललो. मी ब्राझीलला होतो."

त्यांनी पिशवीवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"ब्राझील?" ते म्हणाले. "कंपनीचं काम होतं?"

"नाही. बघायला गेलो होतो."

"काय बघायला?"

"शहर. तिथलं एक आखलेलं शहर आहे."

"चांगलं हाय?"

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ते खरंच विचारत होते. माणूस एवढ्या लांब गेला, तर चांगलं तरी असावं, असं.

"चांगलं आहे," मी म्हणालो, आणि मला रडू आलं. मला माणसांसमोर रडायची सवय नाही. ते आवरावं म्हणून मी चहा प्यायलो आणि जीभ भाजून घेतली.

त्यांनी सुतळी सोडली, कापडाची वरची घडी हाताने सारखी केली, आणि परत बांधून ठेवली. "नीट आलंय," ते म्हणाले.

"मला सांगितलं का नाही काय आहे ते?"

"तू घेतलं नसतंस. लोक हातात धरायला घाबरतात. आणि उघडून बग म्हटलं होतं मी तुला."

खरंच म्हटलं होतं. मी मान खाली घातली.

"मला ठाऊक होतं तू गावी नाहीस ते," ते पुढे म्हणाले. "शनिवारीच कळलं."

शनिवारी काय झालं ते त्यांनी मग सांगितलं. नुसरत आईजवळ होती. उस्मानभाई रोज फोनवर सांगत होते, सलील येतोय, सलील येतोय. खाडीतली तर शुक्रवारी दिवसभर चालू होती. नुसरतला घरातून तिचा भोंगा ऐकू येत होता. शेवटी शनिवारी तिने शेजारच्या माणसाला तरीतून आमच्या घरी धाडलं. बाबांनी त्याला सांगितलं, सलीलला यंदा रजाच मिळालेली नाही, तो बहरीनला आहे. नुसरतने भावाला फोन केला आणि नको नको ते बोलली. एकतीस वर्षं गल्फमध्ये काढून आईचं एवढं एक करता आलं नाही, आणि आता मरणाऱ्या आईला खोटी आशा दाखवतोस?

"मग तुम्ही सांगायचं होतं की सामान माझ्याकडे दिलंय. मी रजेवर आहे म्हणून."

"सांगणार होतो. तोंडाशी आलेलं. मग विचार केला, ती परत माणूस धाडणार मास्तरांकडं. मास्तर विचारणार, सलील रजेवर हाय तर गेला कुठं? या वयात मास्तरांना मी काय सांगू, की तुमचा मुलगा तुमच्याशी खोटं बोलला?" त्यांनी हात झटकले. "त्यांनी मला शिकवलंय, सलील. माझ्यानं नाय झालं ते. गप बसलो. खलास."

"आणि आता नुसरतआपा?"

"बोलत नाय माझ्याशी. माझा फोन उचलत नाय, सहा दिवस. अम्मी गेली ते पण शेजाऱ्यानं कळवलं. ती समजते, मी कफन घेतलंच नाय, थापा मारल्या. तू काय बोलू नकोस. तुझं नाव मास्तरांपर्यंत जाईल. राग उतरेल तिचा महिना-दोन महिन्यांत, इंशाल्ला."

खरं सांगतो, क्षणभर मला हायसं वाटलं. हा माणूस माझा गुन्हा अंगावर घेऊन बसला होता आणि मला जा म्हणत होता. नुसरतआपाचं तोंड मी पाहिलं नाही तरी चाललं असतं. पुढच्या जुलैला गावी जाऊन बाबांसमोर ताठ मानेने बसलो असतो. हे सगळं एका घोटात मनात येऊन गेलं, आणि ते आलं याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. मी खिशातून फोन काढला.

"नको," उस्मानभाई म्हणाले.

"बाबांना मीच सांगेन. आज रात्रीच सांगेन. पण आधी हे."

त्यांच्याकडून नंबर घेतला. माझा नंबर अनोळखी, म्हणून तिने उचलला. मी स्पीकर लावून फोन आमच्या दोघांच्या मध्ये, गाठोड्याशेजारी ठेवला.

"नुसरतआपा, मी सलील बोलतोय. सदानंद मास्तरांचा. उस्मानभाईंसमोर बसलोय."

तिच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

मी सगळं सांगितलं. कफन उस्मानभाईंनी घेतलं होतं, उमऱ्याला जाऊन जमजममध्ये भिजवलं होतं, माझ्या हातात दिलं होतं. मला रजा मिळाली होती, आणि मी आईबाबांशी खोटं बोलून फिरायला गेलो होतो. तर बंद असल्याची थाप माझी. चाची आजारी आहे हे कळल्यावरसुद्धा मी तीन दिवस तिथेच राहिलो, एक रस्ता चालायचा होता म्हणून. "उस्मानभाई एक अक्षर खोटं बोलले नाहीत," मी म्हणालो. "कफन इथं माझ्यासमोर आहे. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. मला त्या हव्या होत्या.

"काय बोलू तुला?" नुसरतआपा म्हणाली. आवाज बसलेला होता. "शनिवारी तो माणूस तुझ्या घरून परत आला ना, तेव्हा अम्मी जागी होती. तिनं ऐकलान सगळं. मी म्हटलं, अम्मी, काहीतरी चुकलं असेल, भाईजान असा नाय. तर म्हणाली, मास्तर खोटं सांगायचे नाय. त्या घरातलं कोण खोटं बोलायचं नाय. माझा उस्मानच खोटं बोलला असेल. गरीब आहे, जमलं नसेल त्याला. आणि मग म्हणाली, जाऊ दे, मी माफ केलं उस्मानला. सांग त्याला. पण मी रागात होते, मी नाय सांगितलं भाईजानला आजपर्यंत."

मला उस्मानभाईंकडे बघवेना. मला सांदणं घालणाऱ्या खदिजाचाचीने माझ्या घराण्याची बाजू घेतली होती, आणि स्वतःच्या मुलाला न केलेल्या पापाची माफी देऊन ती गेली होती. आता तिला खरं सांगणारं कुणी उरलं नव्हतं, आणि माझ्या वाटणीची माफी मागायला ती कुठेच नव्हती.

उस्मानभाई फोनवर वाकले.

"नुसरत," ते म्हणाले, "नक्की म्हणाली अम्मी तसं? माफ केलं म्हणून?"

"हो, भाईजान. दोनदा म्हणाली."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

"बरं झालं," ते म्हणाले.